स्वशिक्षित शेतकरी व त्याची वही

शाळा शिकला तो शहाणा व न शिकला तो अडाणी, असा समज आपल्या समाजांत फार दिवसांचा आहे. तो कितपत खरा आहे हें पाहावयाचें असल्यास वाचकांनीं चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड तालुक्यांत असलेल्या नांदेड या खेड्याकडे वळावें. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे यांचें शिक्षण तिसऱ्या इयत्तेपर्यंतचें आणि जमीन दोन एकरांच्या आंतली.

१९८३ सालीं त्यांच्या बांधींत 'पटेल ३' जातीचें धान उभें होतें. त्यांत तीन लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. असें निराळें ताट पुष्कळांच्या दृष्टीस पडतें; कोणी तें भेसळ म्हणून उपटतो, कोणी खळ्यावर इतर धानांत मिसळूं देतो. दादाजींनीं त्या लोंब्यांचें बी वेगळें राखिलें, पुढील हंगामांत लहानशा तुकड्यांत लावून पाहिलें आणि निवडीचा हा क्रम वर्षानुवर्षें चालविला. १९९० च्या सुमारास तें बारीक तांदुळाचें धान बाजारांत आलें. त्या काळीं घरोघर ठाऊक असलेल्या घड्याळावरून त्यास 'एच. एम. टी.' हें नांव पडलें व पुढें तें अनेक राज्यांत पसरलें.

यांत दैवाचा भाग थोडा व रीतीचा अधिक आहे. धानाचें फूल बहुतेक आपल्याच परागानें फळतें. म्हणून निराळ्या ताटाचें बी स्वतंत्र लावून दरवर्षीं निवडीत गेल्यास त्याचे गुण कांहीं पिढ्यांत स्थिर होतात. महाविद्यालयांत हेंच शिकवितात. दादाजी तें चिखलांत उभे राहून शिकले.

स्वशिक्षित मनुष्याचें वैशिष्ट्य तें हेंच. निराळें दिसेल तेथें तो थबकतो; एका हंगामाच्या फळावर विसंबत नाहीं; आणि परीक्षा घेणारा कोणी नसल्यामुळें पिकालाच पुनः पुनः विचारतो. पहिल्या यशावर न थांबतां दादाजींनीं 'नांदेड चिन्नोर', 'नांदेड हिरा', 'डी. आर. के.' इत्यादि आणखी जाती काढल्या, त्या याच संवयीमुळें.

मात्र या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००५ सालीं राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. पण जें धान विकून इतरांनीं पैसा केला, त्यानें त्यांचें दारिद्र्य फिटलें नाहीं. ता. ३ जून २०१८ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांचें बी पसरलें तेव्हां शेतकऱ्याच्या वाणास संरक्षण देणारा कायदाच देशांत नव्हता. तो २००१ सालीं झाला. आतां स्वतः वाण काढणाऱ्या शेतकऱ्यास त्याची नोंद आपल्या नांवें करितां येते. परंतु त्याकरितां वाण निराळा, एकसारखा व स्थिर असल्याचें ठरावें लागतें.

तेव्हां डोळसपणाच्या जोडीस एक वही असूं द्यावी. निराळें ताट कोणत्या बांधींत, कोणत्या तारखेस आढळलें. मूळ बी कोठलें. उंची किती, पक्व होण्यास दिवस किती, उतारा किती. आणि बी कोणास व किती दिलें, हें दरसाल टिपून ठेवावें. आठवण माणसाबरोबर जाते. वही मुलांच्या हातीं राहते. यंदां कापणीपूर्वीं प्रत्येकानें एकदां आपल्या बांधींतून सावकाश फिरून यावें, आणि जातांना पेन्सिल विसरूं नये.