मोकळी जमीन : कागदावरची आणि जागेवरची

- विकास आराखडा (डीपी) : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली महापालिका तयार करते, मंजुरी राज्य सरकारची. साधारण २० वर्षांनी फेरआखणी. उद्यान-क्रीडांगणांची आरक्षणे यातच.
- ना-विकास विभाग आणि आरक्षण एक नव्हे. पहिल्यात मालकी खासगीच, बंधन बांधकामावर. आरक्षित जागा मात्र सार्वजनिक कामासाठी ताब्यात घ्यायची असते.
- याच अधिनियमाचे कलम १२७ : आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस बजावू शकतो. पुढच्या २४ महिन्यांत (२०१५ आधी १२) संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द. बागा बहुधा इथेच हातच्या जातात.
- मोबदला : रोख, टीडीआर किंवा जादा एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक). टीडीआर म्हणजे बांधकामाचा हक्क दुसऱ्या भूखंडावर नेण्याची मुभा. तो विकताही येतो.
- पुण्याच्या टेकड्या : १९९७मध्ये हद्दीत आलेल्या गावांतील टेकड्यांवर 'जैववैविध्य उद्यान' (बीडीपी) आरक्षण. मोबदला ८ टक्के टीडीआर. शिवाय १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामास मनाई, म्हणजे ५ मीटर आडव्या अंतरात १ मीटरहून अधिक चढ.