समोर बसलेला माणूस

वणीच्या महाविद्यालयात नोकरी लागली तेव्हा मी खोली शोधत होतो. एका घरी चहा मिळाला. मग आडनाव विचारले गेले, गाव विचारले गेले, आणि खोली पुतण्यासाठी ठेवली असल्याचे एकाएकी आठवले. उठताना कप-बशी मोरीत विसळून ठेवायला सांगितले. पाहुणचार झाला होता. पाहुणा मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला होता. नवरात्रात गडावर पायी निघालेल्या यात्रेकरूंना पाणी देणारे हे गाव. परंतु अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या संस्कृतीत अतिथी कोणाला म्हणायचे, हे आधी जात ठरवीत आली आहे.

मी बौद्ध आहे. ख्रिस्ती धर्माची भलामण करण्याचे मला कारण नाही. तरीही त्या परंपरेत पाहुणचार ही आध्यात्मिक साधना कशी ठरली, हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण तिच्या मुळाशी आपलाच, म्हणजे पाण्याचा आणि पंगतीचा प्रश्न आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी विहिरीपाशी थकून बसला आहे. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि ती चकित होते. येथे वरच्याने खालच्याला पाणी वाढलेले नाही. ज्याला वरचा समजले जाते, तो तिच्या हातचे पाणी मागतो आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर काय घडले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या मागण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिवाय पाण्याची गोष्ट तेथे पाण्यापाशी थांबत नाही. दोघांचे दीर्घ बोलणे होते. ती विचारते, तो उत्तर देतो. तिचे आयुष्य त्याला दखल घेण्याजोगे वाटते.

लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या बहिणींची कथा आहे. मार्था रांधण्या-वाढण्यात गुंतलेली. मरीया पाहुण्याच्या पायाशी बसून ऐकते. येशू मरीयेची बाजू घेतो. आमच्या मायबहिणींना याचा राग येईल आणि तो रास्त आहे. चूल पेटली नसती तर जेवले काय असते? पण शिष्याच्या जागी एक स्त्री बसली, आणि पाहुण्याला ताटाआधी आपले लक्ष दिले, एवढे तरी मानावेच लागेल.

सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांतील त्रेपन्नावा अध्याय पाहुण्यांविषयी आहे. आलेल्याला प्रत्यक्ष ख्रिस्त समजून स्वीकारावे, मठाधिपतीने त्याच्या हातांवर पाणी घालावे, असे तो सांगतो. गरिबांची विशेष काळजी घ्यावी, कारण श्रीमंतांचा धाकच त्यांना मान मिळवून देतो, हेही बजावतो. सत्तेचे हे नेमके निरीक्षण आहे.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या सोवळ्याने घर कसे जेरीस आले होते, हे ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनीच लिहिले आहे. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, तरी त्यांची चूल वेगळीच होती. पुढे त्यांनी स्वतः विचार करून विटाळ टाकला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मला महत्त्वाचा वाटतो तो हा क्रम: आधी विटाळ गेला, मग धर्म बदलला.

सर्वत्र असे घडले नाही. धर्मांतरानंतरही देशात अनेक ठिकाणी चर्चमधली बसण्याची जागा आणि दफनभूमी जातीप्रमाणे वेगळी राहिली. मराठी भूमीतल्या अरविंद निर्मळांनी १९८१ साली बंगळूरमध्ये दलितांच्या अनुभवातून ख्रिस्ती धर्मचिंतन मांडायला सुरुवात केली, ती याच वेदनेतून. राज्यानेही दार पूर्ण उघडले नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत.

हे सारे लिहिताना एक कबुली द्यायला हवी. सुरगाण्याकडचा एक कोकणा विद्यार्थी एकदा संध्याकाळी घरी आला. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मान वर न करता म्हणालो, ‘‘बोल, ऐकतोय मी.’’ माझे पेपर तपासणे चालू होते. तो थोडा वेळ बसला. जाताना, कोणी सांगितले नसताना, त्याने कप विसळून ठेवला. पुढच्या आठवड्यापासून तो वर्गात दिसला नाही. घरच्यांबरोबर द्राक्षबागेत मजुरीला गेल्याचे नंतर कळले. शिक्षण सोडू की नको, एवढेच त्याला विचारायचे होते.

जमीन, पाणी, नोकरी यांचे लढे पाहुणचाराने सुटत नाहीत. ते लढूनच सुटतील. पण पाड्यावरून आलेला माणूस आपल्याही कार्यालयांत बाकावर ताटकळतो आणि आपण ठरावाचा मसुदा लिहीत राहतो. हल्ली कोणी दारात आले की मी पेपरांचा गठ्ठा बांधून ठेवतो आणि त्याच्यासमोर बसतो. कप मीच विसळतो.