प्रयोगशाळेतील मुके प्राणी आणि आपली सदसद्विवेकबुद्धी

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या परिचयातील एक तरुणी सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबली होती. औषधांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती नोकरी करते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "फादर, मी रोज उंदरांना इंजेक्शने देते. प्रयोग संपला की त्यांना मारावे लागते. आमची आजी म्हणते, हे पाप आहे. खरेच पाप आहे का?"

दुसऱ्या मिस्साची वेळ झाली होती. "माणसाच्या भल्यासाठीच आहे ना ते? मग काळजी करू नकोस," असे सांगून आम्ही तिची बोळवण केली. उत्तर चुकीचे नव्हते, पण स्वस्त होते, आणि ते आम्हाला बरेच दिवस टोचत राहिले. म्हणून या विषयावर थोडे वाचन केले, जाणकारांना विचारले. तिची परवानगी घेऊन तोच प्रश्न आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विषय आपल्यापासून दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. वाडीत किंवा भातशेतात काम करताना साप चावलेला माणूस आपल्यापैकी अनेकांच्या घरात वा शेजारात असतो. अशा रुग्णाला सरकारी रुग्णालयात जे 'सापाचे इंजेक्शन' दिले जाते, ते प्रतिविष थेट घोड्याच्या रक्तातून आलेले असते. हे आपल्यातील कितीजणांना ठाऊक आहे?

ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. सायगाव येथे काम केलेले फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत यांनी ती प्रथम यशस्वीपणे वापरली. घोड्याला सापाचे विष अत्यल्प मात्रेत टोचतात. मात्रा इतकी कमी असते की प्राण्याच्या जिवाला धोका होऊ नये, पण त्याच्या शरीराने मात्र शत्रू ओळखावा. मग काही आठवडे, काही महिने ही मात्रा हळूहळू वाढवीत नेतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. मग ठरावीक अंतराने त्याचे रक्त काढून त्यातील द्रव भाग वेगळा करतात. तांबड्या पेशी पुष्कळदा घोड्याला परत दिल्या जातात. वेगळ्या केलेल्या द्रवावर पेप्सिन या पाचकद्रव्याची प्रक्रिया करून, तो शुद्ध करून व बहुधा वाळवून कुपीत भरतात. भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर एकच संयुक्त प्रतिविष मिळते. विषाचा मोठा पुरवठा तामिळनाडूतील इरुळा आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था करते. हे लोक साप पकडून त्याचे विष काढतात आणि त्याला पुन्हा रानात सोडतात. महाराष्ट्रात हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ प्रतिविष तयार करते.

हाफकिन हे नाव मुंबईकरांना नवे नाही. ओडेसा येथे जन्मलेले वाल्देमार हाफकिन १८९६ साली प्लेगने हादरलेल्या मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यांनी लस बनवली, ती सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली. आधी ससा, मग स्वतः आणि मग इतर, या क्रमात आम्हाला काहीतरी प्रामाणिक वाटते. ससा मात्र स्वेच्छेने पुढे आला नव्हता, हेही खरे.

घोड्याला टोचले की काम संपले, असेही नाही. तयार झालेल्या प्रत्येक घाण्याची ताकद तपासावी लागते. भारतीय औषधसंहितेनुसार एक मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे आणि घोणसाचे प्रत्येकी ०.६० मिलिग्रॅम, तर मण्यारीचे आणि फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी केले पाहिजे. ते करते की नाही हे कसे कळणार? विष आणि प्रतिविष यांचे मिश्रण उंदरांना टोचतात आणि किती उंदीर जगले ते मोजतात. म्हणजे कुपीमागे घोडा आहे आणि घोड्यामागे उंदीर आहेत. उंदराचे मरण बहुधा सुखाचे नसते. आमची तरुण मैत्रीण ज्या पिंजऱ्यांपुढे उभी असते, ते जवळपास असेच.

आता दुसरी बाजू. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतली. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला, पण ज्यांच्या घरात तो घडतो त्यांनी तो कधीच दुर्लक्षिला नव्हता. (येथे ओघाने एक सांगून ठेवतो: दंशाची जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे एक मिनिटही दवडू नये. रुग्णाला न चालवता, तो अवयव हलू न देता रुग्णालय गाठावे.) दहा कुप्या लागोपाठ शिरेतून दिल्यावर शेतकरी बाप डोळे उघडतो, तेव्हा त्याच्या लेकराला घोड्याची दया करायला सांगणे सोपे नाही.

ख्रिस्तसभा याबाबत काय म्हणते? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४१५ ते २४१८ या परिच्छेदांत याचा विचार आहे. मनुष्याचे प्राण वाचवण्यास वा रोगनिवारणास हातभार लागत असेल, तर प्राण्यांवरील वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोग नैतिकदृष्ट्या मान्य होऊ शकतात, असे तेथे म्हटले आहे. घाईत असलेला धर्मगुरू येथेच थांबतो. आम्हीही थांबलो होतो. पण त्याच वाक्यात 'वाजवी मर्यादेत' अशी अट आहे, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे मानवी प्रतिष्ठेलाच विरोधी असल्याचे सांगितले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात (परिच्छेद १३०) नेमकी हीच दोन्ही वचने पुन्हा उद्धृत केली. परवानगी आणि अट यांची फारकत करता येत नाही.

आपल्यात असेही लोक झाले ज्यांना ही परवानगीदेखील पटली नसती. इंग्लंडचे कार्डिनल मॅनिंग हे १८७५ साली स्थापन झालेल्या, जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीविरुद्ध लढणाऱ्या संस्थेच्या पहिल्या पाठीराख्यांपैकी एक. पुढल्याच वर्षी ब्रिटिश संसदेने अशा प्रयोगांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. मॅनिंग यांचे टोकाचे मत आम्हाला स्वीकारता येत नाही. तरी त्या काळी भुलीशिवाय कुत्र्यांवर जे प्रयोग होत, त्यांची वर्णने वाचली की त्यांचा संताप कळतो.

आपला देशही यात मागे नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांना परवानगी दिली, पण भूल द्यावी, लहान प्राण्याने काम भागत असेल तर मोठा वापरू नये, केवळ हात बसावा म्हणून प्राणी चिरू नये, अशा अटीही घातल्या. १९९८ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत नैतिक समिती सक्तीची केली. प्रस्ताव समितीने मान्य केल्याशिवाय पिंजरा उघडता येत नाही, आणि समितीवर विज्ञानाबाहेरचा एक समाजाभिमुख सदस्य असावा लागतो. (ही जागा एखाद्या समंजस शाळामास्तरालाही भूषवता येईल.) २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर बंदी आली. ओठांच्या लालीसाठी सशाच्या डोळ्यांची आग करणे कोणत्याच वाजवी मर्यादेत बसत नव्हते. कागदावर हे सारे उत्तम आहे. प्रत्यक्षात मात्र २०१५-१६ च्या सुमारास प्रतिविषासाठी घोडे पाळणाऱ्या काही ठिकाणांची पाहणी झाली, तेव्हा रक्तक्षय झालेले आणि खुरांच्या आजाराने ग्रासलेले घोडे आढळल्याच्या नोंदी झाल्या. आमच्या मते खरे पाप शोधायचे तर ते येथे शोधावे. घोड्याला विष टोचण्याचे समर्थन करता येईल, पण खुराला औषध न लावण्याचे काय समर्थन करणार?

प्राण्यांवरील चाचणी म्हणजे खात्री, असेही समजू नये. २००६ साली लंडनमध्ये एका नव्या औषधाची पहिली मानवी चाचणी झाली. माकडांना ते औषध निर्धोक ठरले होते. त्यांना दिलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतके औषध सहा तरुणांना दिले आणि काही तासांतच सहाहीजण अत्यवस्थ झाले. माकड माणसासारखे असते, माणूस नसते. तरीही पूर्णपणे पाठ फिरवता येत नाही. आपली स्वदेशी कोव्हॅक्सिन लस २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वीस माकडांवर तपासली गेली होती, आणि त्या काळात आपण सारे कशाची वाट पाहत होतो ते कोणीच विसरलेले नाही.

१९५९ साली रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन कसोट्या मांडल्या, त्या आज जगभर मानल्या जातात: प्राण्याला पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या घटवा, यातना कमी करा. पर्यायांची वाट खुलते आहे. मधुमेहींचे इन्सुलिन १९२१-२२ साली टोरांटोत कुत्र्यांवरील प्रयोगांतून हाती आले, पुढे साठ वर्षे ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई आणि १९८२ पासून ते जिवाणूंकडून बनवून घेतले जाऊ लागले. २०२३ साली आपल्या देशातील औषधचाचणी नियमांतही पेशी, चिपवरील कृत्रिम अवयव अशा पद्धतींना स्थान मिळाले. प्रतिविषाबाबत बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रयोगशाळेत घडवलेले एक प्रतिद्रव्य जाहीर केले. नाग-मण्यारींच्या विषातील एका मोठ्या विषगटाला ते निकामी करते आणि त्याला घोडा लागत नाही. मात्र ते काम करते हे दाखवायला उंदीर लागलेच.

हे सारे घेऊन आम्ही त्या तरुणीला पुन्हा भेटलो आणि पहिल्या उत्तराबद्दल आधी तिची क्षमा मागितली. तुझे काम पाप नाही, असे पुन्हा सांगितले; पण या वेळी तीन प्रश्नही दिले. हा प्रयोग खरेच लागणार आहे का? इतके प्राणी लागणार आहेत का? दुखणे कमी करण्यासाठी जे करता येईल ते आज केले का? ती म्हणाली, "फादर, पहिला प्रश्न माझ्या हातात नाही. दुसरे दोन आहेत." आजीला काय सांगू, असेही तिने विचारले. आजीचे मन दुखते आहे ते चांगलेच आहे, तिला गप्प करू नकोस, एवढेच आम्हाला सुचले.

मागच्या महिन्यात ती पुन्हा भेटली. त्यांच्या गटाचा नवा प्रस्ताव नैतिक समितीने परत पाठवला होता; इतके उंदीर कशासाठी, असा शेरा होता. दोन दिवस सगळे समितीवर चिडले होते. तिसऱ्या दिवशी तिने कागद घेऊन आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा एका गटाची गरजच नव्हती असे निघाले. तो गट आता वगळला आहे.