लेखनिक मिळाला, पुस्तक कुठे आहे?

विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांची सल्लागार म्हणून रुजू झाले, तेव्हा १९९५चा कायदा लागू होता. अपंगत्वाचे सात प्रकार आणि सरकारी-अनुदानित संस्थांत तीन टक्के जागा. मला बसायला टेबल मिळालं ते परीक्षा विभागाच्या कोपऱ्यात. जागा चुकीची नव्हती, कारण मुलं माझ्याकडे यायची ती परीक्षा तोंडावर आली की, लेखनिकाच्या अर्जावर सही घ्यायला. एरवी वर्षभर कुणी फिरकायचं नाही.

त्या काळी लेखनिक शोधणं हीच एक परीक्षा होती. तो खालच्या वर्गातला हवा, शाखाही वेगळी हवी. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या अंध मुलीनं ‘सीमांत उपयोगिता’ हा शब्द दोनदा विचारून लिहिणारा लेखनिक आणायचा आणि मागणीचा वक्र त्याच्याकडून तोंडी सूचना देऊन काढून घ्यायचा. वर कुणी कॉपीची शंका घेतली की वेळ जायचा तो तिचाच. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं आली: लेखनिकाच्या शिक्षणाची, गुणांची, वयाची अट घालू नये आणि तासाला किमान वीस मिनिटं भरपाईचा वेळ द्यावा. ती प्रत मी इतक्या केंद्रप्रमुखांपुढे धरली की घडीवर कागद फाटला. २०१८ साली नियम पुन्हा बदलले. स्वतःचा लेखनिक आणायचा तर तो एक पायरी कमी शिकलेला असावा, असं ठरलं. गैरप्रकाराच्या भीतीपोटी पाऊल मागे घेतलं गेलं, असं माझं मत आहे.

२०१६चा कायदा एप्रिल २०१७मध्ये लागू झाला आणि माझ्या टेबलासमोरची रांगच बदलली. प्रकार एकवीस झाले, उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आल्या. अध्ययन अक्षमतेची मुलं आता दबकत येत नव्हती. सिकलसेलची मुलंही येऊ लागली, गडचिरोली-नंदुरबारकडची. त्यांना लेखनिक नकोच होता. अंगात कळा उठल्या की आठवडा वसतिगृहातल्या खाटेवर जायचा आणि हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली यायची. “मॅडम, दिसायला मी धडधाकट आहे, सरांना खोटंच वाटतं,” एकानं सांगितलं. त्याच्यासाठी विभागप्रमुखांशी घातलेली हुज्जत हेच माझं खरं काम. सल्लागार विद्यार्थ्याला सल्ला देते, हा गैरसमज आहे. तिचा निम्मा दिवस प्राध्यापकांना आणि कारकुनांना समजावण्यात जातो.

पुढे ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं चाळीस टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्राशिवायही, लिहिण्यात खरी अडचण असेल तर लेखनिक मिळाला पाहिजे, असा निर्वाळा दिला. तोवर करोनानं सगळं ऑनलाइन नेलं होतं. शेजारी लेखनिक बसला की कॅमेऱ्याला ‘दुसरी व्यक्ती’ दिसायची आणि इशारे सुरू. कर्णबधिर मुलांची वेगळीच कोंडी: वर्गात ओठ वाचता यायचे, पडद्यावर शिकवणाऱ्याचा चेहरा टपाल तिकिटाएवढा.

एवढं सगळं होऊनही एक गोष्ट जागची हललेली नाही. परवाच एम.ए. मराठीची एक अंध विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. सरांनी पाठवलेल्या नोट्स उघडल्या. पडद्यावर स्वच्छ मराठी. पण एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं तिचं सॉफ्टवेअर, वाचत होतं इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. नोट्स जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या. दुसरी फाइल स्कॅन केलेली, तिच्यात वाचायला काहीच नाही. मग कुणीतरी मैत्रीण फोनवर वाचून रेकॉर्ड करते, आणि मैत्रीण गावी गेली की अभ्यास थांबतो.

कायद्याची अडचण म्हणावी तर तीही नाही. २०१२च्या दुरुस्तीनं दिव्यांगांसाठी पुस्तक सुलभ रूपात आणायला कॉपीराइटमधून सूट दिली. दृष्टिबाधितांना पुस्तकं खुली करणाऱ्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला २०१४मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३पासून दृष्टिबाधितांसाठी केंद्र आहे, २०१६पासून सुगम्य पुस्तकालय हे सुलभ पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. पण विभागात फिरणाऱ्या नोट्स यांपैकी कुठेच पोचत नाहीत. आपण परीक्षेचे तीन तास सुधारले, आणि ज्यावर परीक्षा द्यायची ते वाचायला देणं राहून गेलं.

म्हणून शिकवणाऱ्यांना एवढंच सांगणं: नोट्स पाठवण्याआधी त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी मराठीच दिसली तर फाइल खुशाल पाठवा. चिन्हांचा काला दिसला, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर फाइल युनिकोडमध्ये टाइप करून घ्या.