राइस ब्रान तेलाच्या शुद्धीकरणात कॉस्टिक सोड्याऐवजी विकर

हैदराबाद : भातगिरणीत तांदूळ सडताना निघणाऱ्या कोंड्यात खाद्यतेल असते, मात्र ते शुद्ध करणे सोयाबीन तेलापेक्षा अवघड ठरते. कोंड्यातील लायपेज हे विकर (एन्झाइम) सडण्यानंतर काही तासांतच तेलाचे विघटन सुरू करते आणि मुक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढते. शिवाय या तेलात फॉस्फोलिपिड हा डिंकासारखा चिकट घटक आणि मेणही असते.

चिकटा काढला नाही, तर तेल साठवणीत गढूळ होते, तळाशी साका बसतो आणि तापवल्यावर रंग काळवंडतो. चिकट्याचा काही भाग नुसत्या गरम पाण्याने सुटतो, उरलेला सुटत नाही. तो काढण्यासाठी पारंपरिक पद्धतीत फॉस्फोरिक आम्ल वापरतात, त्यानंतर कॉस्टिक सोड्याने मेदाम्लांचा साबण करून तो वेगळा करतात. या साबणासोबत चांगले तेलही जाते, ओरायझेनॉल हा उपयुक्त घटक बऱ्याच अंशी नष्ट होतो आणि धुण्याचे क्षारयुक्त, तेलकट सांडपाणी मागे उरते. मेदाम्ले जितकी जास्त, तितके नुकसान मोठे. कोंड्याच्या तेलाची खरी अडचण हीच आहे.

यावर येथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विकराचाच उपाय विकसित केला. म्हणजे एका विकराने बिघडवलेले तेल दुसऱ्याने सावरायचे. फॉस्फोलायपेज ए-१ हे सूक्ष्मजीवांपासून मिळणारे विकर फॉस्फोलिपिडच्या रेणूतील एक मेदाम्ल तोडते. उरलेला भाग पाण्यात सहज मिसळतो आणि सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून वेगळा करता येतो. त्यासाठी सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमान आणि ५ च्या आसपास सामू पुरतो. सामू राखण्यासाठी सायट्रिक आम्ल व किंचित सोडा लागतो, परंतु साबण तयार होत नाही.

फॉस्फरसचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ५ च्या खाली आले, की मेदाम्ले निर्वात अवस्थेत वाफेच्या साहाय्याने काढता येतात. ती स्वतंत्र उत्पादन म्हणून विकली जातात आणि ओरायझेनॉलही बऱ्यापैकी टिकून राहते.

मात्र विकर महाग आहे, त्याच्या क्रियेला काही तास लागतात आणि सामू व तापमान काटेकोर सांभाळावे लागते. लहान कारखान्यांना हा खर्च जड जातो. तरीही गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करणाऱ्या देशात साबणावाटे वाया जाणाऱ्या तेलाचा हिशेब यात धरायला हवा.