नाममुद्रा : कलावंताचे ऑनलाइन दालन

कन्नडजवळच्या पितळखोरे लेण्यांत एक यक्षमूर्ती सापडली. ठेंगणी, पोट सुटलेली, चेहऱ्यावर मोकळे हसू आणि डोक्यावर तोललेले पसरट भांडे. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख कोरलेला आहे. ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली, एवढेच तो सांगतो. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावरही असाच एक लेख आहे. तेथील कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी केले, अशी त्यात नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या कारागिरांना आपले नाव दगडात ठेवावेसे वाटले आणि धम्माच्या वास्तूने त्यांना ती जागा दिली. याउलट अजिंठ्यात दान देणाऱ्यांची नावे सांगणारे लेख भेटतात, परंतु ज्यांच्या चित्रांपुढे जग नतमस्तक होते त्या चित्रकारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

इतिहास शिकविताना हा फरक आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. तो आजच्या मोबाइलच्या काळाशी जोडावा लागेल, असे मात्र कधी वाटले नव्हते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ती वेळ आणली. त्याच्या इच्छेवरून त्याचे नाव येथे देत नाही. वसतिगृहात असताना त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर अभ्यासापेक्षा चित्रेच अधिक असत. पुढे त्याने फलक रंगविण्याचा व्यवसाय धरला. फ्लेक्स आले आणि ब्रशाचे काम सुटले, तेव्हा तो संगणकावर चित्रे काढू लागला. एका १४ एप्रिलला त्याने काढलेले बाबासाहेबांचे चित्र आमच्या मोबाइलवर एकाच सकाळी तीन गटांतून आले. चित्राखाली शुभेच्छुक म्हणून कोणा पुढाऱ्याचे नाव आणि छबी होती. कोपऱ्यातली सही कापून टाकलेली होती. आम्ही त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, ते माझं आहे हे आता दाखवू कसं? मूळ फाइल जुन्या फोनमध्ये होती, तो फोनच गेला." पुढे दोन महिन्यांनी एका अॅनिमेशन स्टुडिओने त्याच्याकडे कामाची लिंक मागितली. त्याने व्हॉट्सअॅपवरून अकरा फोटो पाठविले. उत्तर आले नाही.

लिंक म्हणजे ऑनलाइन पोर्टफोलिओ. पूर्वी चित्रकला महाविद्यालयाचे विद्यार्थी काखेत मोठी काळी फाइल घेऊन मुलाखतीला जात. त्या फाइलचेच हे इंटरनेटवरील रूप. चित्रकार, छायाचित्रकार, गायक, कवी, शिल्पकार, नाट्यकर्मी यांनी आपले निवडक काम एका कायम पत्त्यावर, आपल्या नावाने आणि नोंदींसह मांडलेले दालन, असे त्याचे वर्णन करता येईल. फेसबुकवर रोज टाकलेले फोटो म्हणजे दालन नव्हे. ती गर्दीतून जाणारी मिरवणूक असते. ज्याने गेल्या मंगळवारी ती पाहिली नाही, त्याला ती पुन्हा दिसत नाही.

आपल्या समाजात कलेची वाण कधीच नव्हती. वाण होती ती नोंदीची. वामनदादा कर्डक (जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, निधन १५ मे २००४) यांनी हजारो गीते रचली. ती गावोगावच्या गायकांच्या तोंडी गेली, ऐकणाऱ्यांच्या वह्यांत उतरली, कॅसेटांवर वाजली. तरीही त्यांची कितीतरी गीते आज ओळखता येतात, याचे एक कारण असे की वामनदादा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. चोखोबांपासून चालत आलेली ही नाममुद्रेची रीत आहे. गाणाऱ्याने नाव गाळले तर यमक आणि चालच मोडावी, अशी ती बांधणी. चित्राच्या कोपऱ्यातील सहीला ते बळ नाही. ती बोटाने कापता येते. म्हणून चित्रकाराला नाममुद्रा चित्राबाहेर, एका पत्त्यावर उभी करावी लागते.

नोंद कशी असावी, याचा उत्तम धडा जात्यावरच्या ओव्यांनी दिला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत आहेत. तेथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, व्यवसाय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख दिलेली असते. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या परिसरात १९९६ साली बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या गाणाऱ्या राधाबाई बोऱ्हाडे आज जगातील कोणालाही नावानिशी भेटतात. ज्या बायकांनी शाळेची पायरी पाहिली नाही, त्यांच्या कलेची नोंद इतकी चोख आहे. आमचे पदवीधर विद्यार्थी मात्र फाइलला मोबाइलने दिलेला आकडाच नाव म्हणून ठेवतात!

तेव्हा प्रत्येक कामाखाली शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार आणि ते कोणासाठी किंवा कोठे केले, एवढे तरी लिहावे. भित्तिचित्र असल्यास गाव लिहावे. गाणे असल्यास शब्द कोणाचे, चाल कोणाची, ढोलकी कोणाची, हे वेगवेगळे सांगावे. दोन ओळींत त्या कामामागची हकिकत द्यावी. 'माझ्या अंतर्मनातील भावतरंग' अशी वाक्ये टाळावीत. पाहणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. हा मजकूर युनिकोड मराठीत टंकावा. स्मरणिका छापणारे डीटीपीवाले जे जुने फॉन्ट वापरतात, त्यांतला मजकूर इंटरनेटवर चिन्हांचा चिवडा होतो आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. कविता चित्राच्या स्वरूपात टाकली तरी तोच परिणाम होतो. मराठीसोबत इंग्रजी नोंद अवश्य द्यावी.

निवडीविषयी आमचे मत थोडे कठोर आहे. दहा-पंधरा कामे पुरेत. कमकुवत काम शेजारच्या चांगल्या कामालाही खाली ओढते. अकोल्यात जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईच्या सफाई कामगारांचे आयुष्य त्यांनी वर्षानुवर्षे टिपले. त्यातील एखादे छायाचित्र सुटे पाहिले तर मन हळहळते. सलग मालिका पाहिली तर मात्र व्यवस्था दिसते. आपल्या तरुणांनीही सूर्यास्त, लग्न, बुद्धवंदना आणि मांजर एका ओळीत न लावता एखाद्या विषयावरचे सलग काम एकत्र मांडावे. आपला मोहल्ला, वीटभट्टी, विणकरांचे उरलेले माग, दीक्षाभूमीवर येणारी माणसे... विषयांची कमतरता नागपुरात नाही.

चित्राचा फोटो दिवसा, खिडकीच्या मऊ उजेडात, फ्लॅश न वापरता आणि काच काढून घ्यावा. कॅमेरा चित्राला समांतर धरावा. मोठी मूळ फाइल घरी दोन ठिकाणी जपावी, दालनात लहान प्रत ठेवावी. एवढे जमले की पुरे.

जागा कोणती निवडावी, हा प्रश्न पालक हटकून विचारतात. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब ही भाड्याची जागा आहे. घरमालक कधी दार लावील ते सांगता येत नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. खेड्यापाड्यांतील कितीतरी कलावंतांचे सारे काम आणि सारा प्रेक्षकवर्ग त्याच एका ठिकाणी होता. बंदीच्या कारणांत आम्ही येथे शिरत नाही. परंतु ज्यांनी आपल्या चित्रफिती अन्यत्र जपल्या नव्हत्या, त्यांचे नुकसान मोठे झाले. म्हणून बाजारात जरूर बसावे, पण घर आपले असावे. गुगल साइट्स किंवा वर्डप्रेसवर फुकट पान उभारता येते, बिहान्सवरही खाते फुकट निघते. पुढे जमेल तेव्हा आपल्या नावाचा स्वतंत्र पत्ता, म्हणजे डोमेन, वार्षिक शुल्क भरून घ्यावा. त्याची नोंदणी मात्र स्वतःच्या नावे आणि स्वतःच्या ईमेलवर करावी, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावे नव्हे. संपर्कासाठी वेगळा ईमेल द्यावा. घराचा पत्ता आणि खासगी मोबाइल क्रमांक देऊ नये. मुलींच्या पालकांची काळजी रास्त आहे, पण तिचा उपाय एवढाच आहे. दालनच नाकारणे हा नव्हे.

हक्काविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार काम निर्माण होताच हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क सामान्यतः कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकला तरी 'हे मी केले' असे सांगण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. मात्र कलम १७ लक्षपूर्वक वाचावे. एखाद्याने पैसे देऊन काढून घेतलेले व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालकी हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्या आमच्या मुलांना हे ठाऊक नसते. काम घेतानाच 'हे माझ्या दालनात दाखवीन' अशी एक ओळ लिहून घ्यावी. दालनातील तारखेसह नोंद आणि जपलेली मूळ फाइल वादाच्या वेळी उपयोगी पडते.

आणि आडनाव? हा प्रश्न आम्हांला एका विद्यार्थिनीने हळू आवाजात विचारला होता. आडनाव पाहून काम मिळणार नाही, अशी तिची भीती होती. ती भीती खोटी आहे असे सांगण्याइतके आम्ही भाबडे नाही. टोपणनाव घेण्यात कमीपणा नाही, पण ते एकच असावे आणि सर्वत्र तेच वापरावे. पुढे काय करायचे हे तिने ठरवावे. तिने पूर्ण नाव लिहिले, हे आम्हांला नंतर तिच्या पानावर दिसले.

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने गेल्या उन्हाळ्यात आपले दालन उभारले. पहिले काम त्याने आपल्या शाळेतले निवडले, भोजनगृहाच्या भिंतीवरील चवदार तळ्याचे चित्र. नोंद लिहिताना वर्ष आठवेना. आम्ही स्नेहसंमेलनाची जुनी छायाचित्रे काढून बसलो. एका वर्षीच्या पंगतीमागे भिंत कोरी, पुढच्या वर्षीच्या पंगतीमागे तळे. वर्ष ठरले. मग त्यालाच आठवले की पाण्याचा निळा रंग दुसऱ्या दोन वर्गमित्रांनी भरला होता. त्या दोघांना विचारून त्यांची नावेही नोंदीत घातली.

त्या भिंतीला डाव्या बाजूने ओल आली असून यंदा दुरुस्ती निघणार आहे. त्या चित्रासमोर जेवताना वा निरोप समारंभात काढलेली छायाचित्रे ज्या माजी विद्यार्थ्यांकडे असतील, त्यांनी ती तारीख आणि नावे लिहून शाळेच्या कार्यालयात आणून द्यावीत.