शेंडा खुडला की करडईला फांद्या का फुटतात?

पेरणीनंतर साधारण महिनाभर करडई जमिनीलगत पाने पसरून बसते. मग मधला दांडा वर धावू लागतो. याच सुमारास त्याचा कोवळा शेंडा खुडला, तर काही दिवसांत पानांच्या बेचक्यांतले डोळे फुगतात आणि फांद्या निघतात. करडईच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला बोंड धरते. म्हणून या खुडणीला महत्त्व. खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते, ती वेगळीच.

हे डोळे आधी गप्प का असतात? शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते दांड्यातून खाली वाहते. केनेथ थिमन आणि फोक स्कूग यांनी 1933 मध्ये बाकल्याच्या रोपांचे शेंडे छाटून त्या जागी ऑक्सिन ठेवले. शेंडा नसूनही बाजूचे डोळे फुटले नाहीत. शेंड्याची सत्ता ऑक्सिनच्या जोरावर चालते, हे त्यातून दिसले.

पण ऑक्सिन स्वतः डोळ्यात शिरत नाही. ते सायटोकायनिन या फूट आणणाऱ्या संप्रेरकाला आवर घालते आणि स्ट्रायगोलॅक्टोन या फूट रोखणाऱ्या संप्रेरकाला बळ देते. स्ट्रायगोलॅक्टोनची ही भूमिका 2008 मध्ये उजेडात आली. 2014 मध्ये वाटाण्यावरील संशोधनाने आणखी एक दुवा जोडला. ऑक्सिन तासाला जेमतेम एक सेंटिमीटर सरकते. शेंड्यापासून दूरचे डोळे मात्र त्याची पातळी घटण्याआधीच हलतात. कारण वाढता शेंडा साखर ओढून घेत असतो. तो गेला, की ती साखर डोळ्यांकडे वळते आणि त्यांना जाग येते.

म्हणजे खुडणीने झाडाला नवे अन्न मिळत नाही, असलेल्या अन्नाची वाटणी तेवढी बदलते. कोरडवाहू करडई जमिनीतल्या ओलीवर जगते. ओल सरत आली असताना किंवा कळ्या धरल्यावर शेंडा खुडला, तर नव्या फांद्या पोसायच्या कशावर? बोंडे वाढतील, पण दाणे बारीक राहतील. एकाच मोठ्या फुलावर भिस्त असलेल्या तेलबियांच्या सूर्यफुलाचा शेंडा तर खुडूच नये. खुडल्यास लहान, मागेपुढे पिकणारी फुले हाती येतात.

करडईत खुडणी करायची असेल, तर ती वेळेवर आणि ओल असतानाच करा. चार ओळी न खुडता सोडा. काढणीला बोंडे मोजून थांबू नका. दोन्हीकडचे दाणे वजन करून पाहा. तुमच्या रानाचा निकाल तोच देईल.